फोटोपुरती गरजू

"मावशी, जरा वाकून घ्या. साहेबांचा चेहरा झाकला जातोय."

फोटोवाला म्हणाला. मी गोंधळून ताठ उभीच होते. शेजारी विड्या वळायचं काम करणारी एक बाई होती. ती हळूच म्हणाली, "वाक की बाई. न्हाय वाकलं तर परत उभं करत्यात."

मी वाकले. पाहुणे म्हणून आलेल्या त्या साहेबांनी माझ्या हातावर साडी ठेवली, पण सोडली नाही. फोटो निघेपर्यंत धरून ठेवली. मग पुढं सरकले.

त्या साडीला इस्त्री मीच केली होती.

मी नर्स होते. करमाळ्याकडच्या खेड्यातून आले, सोलापुरात शिकले, नोकरी केली, रिटायर झाले. मंदाताई आमच्याच कॉलनीतल्या, शाळेत शिक्षिका होत्या. सकाळी फिरताना ओळख झाली. सेवा केंद्रात मला त्यांनीच नेलं. "सिस्टर, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत आम्हाला."

माझं काम मागच्या खोलीत. लोकांनी दिलेले कपडे निवडायचे, उसवलेलं शिवायचं, इस्त्री करायची. धुळीनं खोकला यायचा. तरी आवडायचं. पुढं हॉलमध्ये वाटप कसं होतं, मी कधी बघितलं नव्हतं.

मंदाताई माझ्या डब्यातलं पिठलं मागून खायच्या. आम्ही बौद्ध, हे त्यांना माहीत होतं. आमच्या घरी बुद्धाच्या तसबिरीखाली बसून चहा प्यायल्या होत्या. म्हणून मी बेफिकीर.

त्या दिवशी टेंभुर्णीकडून बायका आणणारी गाडी वाटेत बंद पडली. पाहुणे येऊन बसलेले आणि हॉल मोकळा, इथल्या दोन-चार विडीवाल्या तेवढ्या आलेल्या. मंदाताई घाईनं मागं आल्या. "सिस्टर, चला, पुढं उभ्या राहा. फोटोपुरतं." मला वाटलं, काम करणाऱ्यांचा फोटो असेल. केस सारखे करून गेले.

कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं, "मला का उभं केलं? तुम्ही का नाही राहिलात?"

त्या हसल्या. "अहो, आमच्यातल्या बायका त्या रांगेत कशा दिसतील? बघणाऱ्याला पटायला नको का?"

पटायला.

इतकी वर्षं नोकरी केली. माझ्या हातून किती पोरं जन्मली. पण माझं तोंड बघून पटतं. पिठलं खाताना ह्या बाईला समोर हेच तोंड दिसत होतं. रिक्षा करून घरी आले आणि पंख्याखाली नुसती बसून राहिले.

मग चौकात फ्लेक्स लागला. वाकलेली मी, मोठी. खाली 'गरजू भगिनींना मायेची साडी'. दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. "काय गं, पेन्शन बंद झाली का?"

मी मंदाताईंच्या दारात गेले. म्हटलं, "तो फ्लेक्स काढा."

"एवढं काय मनाला लावून घेता? चांगल्या कामासाठीच आहे ना. आणि प्रत्येक गोष्टीत जात आणू नका."

राग आला की माझी गावाकडची भाषा तोंडात येते. "जात मी न्हाय आणली. मला रांगेत उभं केलं, तवा तुमीच आणली."

त्यांनी मान फिरवली. म्हणाल्या, "चहा टाकू का?"

मी तशीच चौकात गेले. फळवाल्याकडून स्टूल आणि सुरी घेतली. भर दुपारी वर चढून दोऱ्या कापायला लागले. माणसं जमली. एकानं विचारलं, "बाई, परवानगी हाय का?"

"माझं तोंड हाय त्यावर."

फळवाला स्टूल धरून उभा राहिला.

फ्लेक्स खाली पडला तेव्हा दिसलं, माझ्या शेजारी, कडेला, ती विडीवाली पण होती. वाकलेलीच. तिला दर वर्षी वाकवतात. तिला कुणी विचारलं नाही. मला वाटत होतं, मी गरजू नसताना गरजू दाखवलं, म्हणून हा अपमान. तसं नव्हतं. गरजू असते तरी तो अपमानच होता.

केंद्रातून निरोप आला, परत या, तुमचा फोटो काढणार नाही. म्हणजे बाकीच्यांचा काढणार.

पुढच्या वाटपाला मी जाणार आहे. मागच्या खोलीत नाही. हॉलच्या दारात उभी राहणार आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगणार, साडी घे, पण फोटोला उभी राहू नको. हाकलायचं असेल तर मंदाताईंनी स्वतः यावं. पाहुण्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर हाकलावं. मी हलणार नाही.