इंजिन थकत नव्हते

नव्वदच्या दशकात नाशिकला जुन्या जीपगाड्यांत जपानी डिझेल इंजिने बसवून घेण्याची पद्धत होती. परदेशात मोडीत निघालेल्या मोटारींची ही इंजिने मुंबईच्या जुन्या बाजारातून येत आणि शहरातल्या द्वारका चौकाजवळचे मिस्त्री ती इथल्या गाड्यांत उतरवीत. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढायचे आणि त्या भोकावर तळहात धरायचा, ही त्यांची परीक्षा. हाताला धुराचा दाब लागला नाही, तेलाचे शिंतोडे उडाले नाहीत, की इंजिन निर्दोष. एका मिस्त्रीने मला ही परीक्षा शिकवली होती. मी सातपूरच्या एका कारखान्यात साधा पर्यवेक्षक; परंतु गाडी घेताना ‘त्यांचा हात लागू द्या’ असे नातेवाईक म्हणू लागले, आणि ते ऐकायला मला आवडू लागले.

माझी धाकटी बहीण सायखेड्याला दिलेली. तिचे यजमान तिथे शाळेत शिक्षक. त्यांनी अशीच एक जीप घ्यायचे ठरवले आणि मला बोलावले. त्यांच्या दारात जीपभोवती सात-आठ माणसे जमली होती. मी तळहात धरून बराच वेळ उभा राहिलो.

“दादा, तुमच्या बहिणीची पत्रिकासुद्धा एवढा वेळ पाहिली नव्हती,” मेहुणे म्हणाले, तेव्हा सगळे हसले.

“पाहू द्या की, मास्तर,” जीप विकायला आणलेला मिस्त्री म्हणाला. “हे मशीन तुमच्या-माझ्या मागं बी चालंल. लय चिवट जात हाय.”

तळहात कोरडा होता. तो पुसताना रुमाल खाली पडला. मी वाकलो, तेव्हा पुढच्या चाकामागे, जिथे पाट्यांची कमान चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेली असते तिथे, ताज्या डांबराचा एक जाड पट्टा दिसला. त्याच्या कडेला वेल्डिंगची ओबडधोबड रेघ होती. चासीची भेग कोणी डांबराखाली का लपवतो, हे मला ठाऊक होते; असा जोड केव्हाही सुटू शकतो. मी उभा राहिलो. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

“इंजिन उत्तम आहे,” मी म्हणालो.

मला इंजिनाचेच विचारले होते, अशी समजूत मी परतीच्या एस.टी.त स्वतःची घातली. खरे कारण लहान आणि लाजिरवाणे होते. माझ्या हाताचे कौतुक चालले असताना मला त्यात विघ्न नको होते.

पुढची आठ-नऊ वर्षे मी त्या इंजिनाच्या मरणाची वाट पाहिली. ते बिघडले असते, तर ती जीप सुखाने भंगारात गेली असती. दर भाऊबीजेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो ओळखीचा, एकसारखा आवाज यायचा आणि मी त्यात ठोका शोधायचो, मागे धूर शोधायचो. काहीच नसे. किलोमीटरचा काटा केव्हाच बंद पडला होता. दारे गंजली, ताडपत्री दोनदा बदलली. इंजिन मात्र पहिल्या दिवसासारखेच फिरत होते, आणि ते फिरत होते म्हणूनच माझी बहीण त्या पट्ट्यावर बसून प्रवास करीत होती.

एकदा मी म्हणालो, “दाजी, आता ही गाडी काढून टाका.”

“का? तिने काय घोडं मारलंय?”

“वय झालं तिचं.”

“वय आपलं झालं, दादा! हिला नुसतं ऑइल पाजायचं.”

खरे सांगायला एक वाक्य पुरेसे होते. मी चहाचा कप उचलला.

सटाण्याच्या एका लग्नाहून परतताना, भरदुपारी, भावडबारी घाटाच्या उतारावर तो जोड सुटला. पुढचे चाक आत वळले आणि जीप कडेच्या चारीत जाऊन कलंडली. मेहुण्यांना खरचटले, बहीण बाहेर फेकली गेली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. मेहुणे मला रुग्णालयात हे सांगत होते. “गाडी आडवी पडली, तरी इंजिन चालूच होतं, दादा. हिचं ओरडणं मला त्या आवाजात नीट ऐकू येईना. शेवटी कोणीतरी किल्ली फिरवली.”

मग ते खाली पाहून म्हणाले, “खालचा जोड दुसऱ्याच वर्षी एका मिस्त्रीने दाखवला होता मला. त्याला म्हटलं, आमच्या दादांनी गाडी पाहिलीय, काही असतं तर ते बोलले असते.” त्यांनीच मला वाट काढून दिली. “पण तुम्हाला तरी कसं दिसणार? तुम्ही इंजिनच पाहत होतात.”

बहीण खाटेवर जागी होती. ‘हो’ म्हणणे सोपे होते. त्या खोलीत सर्वांना तेच हवे होते.

“मी पाहिलं होतं,” मी म्हणालो. “त्याच दिवशी.”

बहिणीने विचारले, “दादा, तेव्हा माझ्या पोटात धाकटी होती. तुला माहीत होतं ना?”

मला माहीत होते. तिने मान भिंतीकडे वळवली.

ती आता काठी घेऊन चालते. सायखेडा माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. राखी पोस्टाने येते. पाकिटात राखीशिवाय काही नसते. मी ती स्वतःच्या हाताने बांधतो, आणि एका हाताने गाठ नीट बसत नाही.