बॉयलरचं पाणी आणि दादांची गोळी

आमच्या कारखान्यातला बॉयलर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे दादा म्हणतात. तीस वर्षांत पाणी तपासल्याशिवाय त्यांनी एकदाही बॉयलर पेटवला नाही. बाटलीत नमुना घ्यायचा, चिमूटभर पूड टाकायची आणि थेंब थेंब औषध सोडायचं. लाल रंग जितक्या लवकर निळा होईल, तितके पाण्यात क्षार कमी. जड पाणी गेलं तर नळ्यांत खडूसारखा थर बसतो, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात.

घरी मात्र उलटा कारभार. वहिनींनी बसवलेल्या, क्षार काढणाऱ्या आरओ फिल्टरचं पाणी त्यांना फुळकवणी वाटे. "बोअरचं पाणी अंगी लागतं," असं म्हणत पहाटेची थायरॉईडची गोळीही ते त्याच पाण्याबरोबर घेत.

गेल्या वर्षी दादा फार थकू लागले. गोळीची मात्रा दोनदा वाढवली, पण रिपोर्टमधला वाढलेला टीएसएचचा आकडा जैसे थे. एकदा तर दाबाच्या काट्यासमोर त्यांना डुलकी लागली. वैद्यकीय दाखल्यांच्या फायली माझ्याकडे असतात. त्यात कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा शेरा आला : दोन महिन्यांत सुधारणा नसल्यास बॉयलरवरून हलवावे.

"म्हणजे गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे," दादा म्हणाले.

पुढच्या भेटीला वहिनी सोबत गेल्या. गोळी कशाबरोबर घेता, असं बाईंनी विचारताच दादांच्या आधी त्याच बोलल्या, "बॉयलरला पाणी निवडून-पाखडून, आणि स्वतःच्या पोटात दगड विरघळवून."

बाई हसल्या नाहीत. "हेच कारण असेल असं नाही. पण पाण्यातलं कॅल्शियम गोळीला पोटात धरून ठेवू शकतं, मग ती पुरती शोषली जात नाही. दोन महिने फिल्टरचं पाणी घेऊन बघा."

दुसऱ्या दिवशी दादांनी घरच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं. मी शेजारीच उभा होतो. थेंब पडत राहिले, लाल रंग हटेना. बऱ्याच वेळाने तो निळा झाला.

"हे पाणी माझ्या बॉयलरला कुणी पाजलं असतं, तर त्याला मी उभं केलं नसतं," ते हळूच म्हणाले.

दोन महिन्यांनी रिपोर्टमधला तो आकडा बराच खाली आला. बाईंनी गोळी वाढवली नाही. बॉयलरवर राहण्याचा दाखला दिला, पण तीनच महिन्यांचा.

"तीनच?" दादांनी विचारलं.

"बॉयलरचं प्रमाणपत्रही मुदतीचंच असतं ना?"

दादांनी दाखला घडी घालून खिशात ठेवला. या वेळीही सोबत आलेल्या वहिनी म्हणाल्या, "पाण्यावर लक्ष मी ठेवते, बाई. तुम्ही मुदत तेवढी वाढवत चला."