लोणच्याला लागला नंबर

कर सल्लागाराच्या ऑफिसात कामापेक्षा किस्सेच जास्त होतात. पेणला कदम साहेबांकडे मी तीन वर्षं जीएसटीचे फॉर्म भरतोय. रिटर्न जातात, किस्से राहतात. या सीझनचे सगळे एकाच बाईचे. रोह्याच्या शबानाभाभी.

भाभींचं कोळंबीचं लोणचं. ऑनलाइन टाकलं तर पहिली ऑर्डर थेट सुरतेची. नवरा इरफानभाई मस्कतहून सुट्टीवर आलेला. त्याने शब्द दिलेला, "जीएसटी नंबर आला तर थांबतो. नाय आला तर एक तारखेला परत मस्कत." त्यामुळे भाभी दर दोन दिवसांनी एसटीने पेणला हजर.

*

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "रोह्यात विकते तर कोण विचारत नाय. सुरतेला एक बरणी गेली की नंबर?"

साहेब म्हणाले, "व्हय. राज्याबाहेर माल पाठवला की पहिल्या बरणीपासून."

"आणि गिऱ्हाईक हितं येऊन घेऊन गेलं तर?"

"मग ती हितलीच विक्री."

भाभींनी तिथूनच सुरतेला फोन लावला. बाई यायला तयार होती. राहायची सोय काय, एवढंच विचारत होती.

*

इरफानभाईने मला हळूच विचारलं, "अजून काय कागद लागतील?"

मी म्हटलं, "माल राज्याबाहेर चाललाय म्हणजे फोटो लागणारच."

दुसऱ्या दिवशी त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. बरणीचे सहा पासपोर्ट साइज फोटो. मागे पांढरा पडदा. झाकण सरळ, लेबल समोर. साहेबांनी फोटो बघितले, मग मला बघितलं. मी पंखा बघत होतो.

*

साहेबांनी समजावलं, "नंबर आला की रिटर्न वेळेवर भरायचा. विक्री झाली नाय तरी भरायचा."

"काय केलं नाय, ते पण सरकारला सांगायचं?"

"व्हय. त्याला निल रिटर्न म्हणतात."

भाभींनी नवऱ्याकडे बोट केलं. "मग यांचा पण भरून टाका. चार महिने झाले."

*

अर्ज गेला. आता ऑफिसर जागा बघायला येणार, तर घरावर धंद्याचा बोर्ड पाहिजे. साहेबांनी मला बोर्ड लावून घ्यायला रोह्याला पाठवलं. 'शबाना लोणची'. पिवळ्यावर लाल.

मी खिळा ठोकत होतो, तर शेजारचे चाचा विचारतात, "हे कशाला?"

मी सहज म्हटलं, "रस्ता रुंद होणार ना. बोर्डवाल्या घराला हात लावत नाहीत."

एवढंच बोललो. एसटीत बसेपर्यंत विसरलोसुद्धा.

आठवड्याने ऑफिसर आला, साहेब आणि मी सोबत. गल्लीत वळलो आणि साहेब थांबले. एका रांगेत पाच घरं, पाचही घरांवर 'शबाना लोणची'. पेंटर नव्या मजकुराचे जादा पैसे घेत होता, म्हणून सगळ्यांनी तोच मजकूर घेतला.

ऑफिसरने अर्ज काढला. "यात जागा एकच दाखवलीय. बाकीच्या चार?"

भाभींचा चेहरा उतरला. एक तारखेला पाच दिवस राहिलेले. खरं सांगावं तर शेजाऱ्यांचे बोर्ड खोटे, आणि बोर्ड खोटे म्हटलं की भाभींचा तरी खरा कशावरून? मी तोंड उघडलं, साहेबांनी माझ्या पायावर पाय ठेवला.

तेवढ्यात चाचा पुढे आले. त्यांना वाटलं, माणूस रस्त्याच्या खात्याचा. "साहेब, धंदा इथंच चालतो. आत या, चव बघा." पाठोपाठ बाकीची तीन घरंही बशी घेऊन बाहेर. चारही बशांत भाभींचंच लोणचं, मागच्या ईदला वाटलेलं.

ऑफिसरने पाचही घरी खाल्लं. हात धुतला आणि म्हणाला, "चव सगळीकडे सारखी आहे. बाकीच्या चार जागा अर्जात वाढवा, मालकांची संमती जोडा."

चौघांनी उभ्या उभ्या सह्या दिल्या.

नंबर एकतीस तारखेला आला. मी कागद घेऊन गेलो, तर इरफानभाई ओट्यावर बसून मस्कतच्या साहेबाशी फोनवर बोलत होता. बाजूला भरलेली बॅग. भाभी दारात.

"नहीं साब," तो म्हणत होता, "अब कैसे आऊँ? इधर पाँच ब्रांच हैं."