कापलेली कड

आठवडाभर संगणकासमोर बसून मान कासवासारखी पुढे आलेला हा गृहस्थ रविवारी सकाळी मात्र सुईदोरा घेऊन बसतो. सुटलेल्या वह्या शिवतो, पुस्तकं बांधतो. बायको त्याला 'शिंपीबुवा' म्हणते. ऑफिसात त्याने लिहिलेलं दर सहा महिन्यांनी कुणीतरी पुसून टाकतं. खळीच्या वासाची वही निदान हातात तरी राहते, एवढंच त्याचं म्हणणं.

त्या रविवारी आईने आपली वही काढली. वडील रोज सकाळी चहा पिताना रात्रीचं स्वप्न सांगायचे आणि आई ते लिहून ठेवायची. वडील जाऊन तीन वर्षं झाली. आता पानंही सुटत चालली होती.

"जपून बांध हं. याची दुसरी प्रत नाही."

"आई, मी काय आज शिवतोय?"

शिवण झकास बसली. मग कडा सारख्या करायला त्याने वही लाकडी शिकंज्यात आवळली. पहिल्या पानावर कडेला दोन बोटं कोरी जागा होती. एक तपासलं की सगळी तपासली, ही ऑफिसची सवय. त्याने सुरी ओढली.

खाली पडलेल्या फितींवर शाई होती. आई पुढेपुढे कागद वाचवायला पार काठापर्यंत लिहू लागली होती. ओळीओळीचा शेवटचा शब्द गेला होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आपसूक टेबलावर दाबली गेली. संगणकावर दोन कळा दाबल्या की केलेली चूक मागे घेता येते. लाकूड ढिम्म.

"काय शिंपीबुवा, बाही आखूड झाली?" बायकोने विचारलं, आणि त्याचा चेहरा पाहून ती वाकून फिती गोळा करू लागली.

दुपारी खिडकीतून आलेल्या उन्हात आई बसली होती. त्याने वही आणि फिती पुढ्यात ठेवून सगळं सांगून टाकलं. आईने मागचं एक पान उघडलं. चष्मा लावून वाचू लागली.

"पाण्यावरून चालत होतो. समोर एक मोठं..." कापलेल्या काठावर तिचं बोट थांबलं. "घर. त्याला दारं नव्हती, नुसत्या... खिडक्या."

ती हसली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. "समोर एक मोठं... झाड. त्याला दारं नव्हती..."

"आई, आत्ता घर म्हणालीस."

"ते तरी कुठे एकसारखं सांगायचे? चहा संपेपर्यंत तीनदा बदलायचं. मी एकदा लिहिलं आणि ते तिथेच अडकलं."

"फिती चिकटवून देऊ?"

"राहू दे तुझ्याकडे."

त्याने त्या न बघताच खिशात टाकल्या आणि तिच्या पायाशी बसला.

"मग? खिडक्यांतून काय दिसत होतं?"