पालथी ताटं

आमच्या क्लबाला अमरावतीत खऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. ओरिएंटीअरिंग म्हणायला गेलं की समोरच्याची जीभ अडखळते, म्हणून लोक आम्हाला सरळ 'नकाशावाले' म्हणतात. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं, रानात ठिकठिकाणी लावलेले पांढरे-नारिंगी झेंडे ठरलेल्या क्रमाने शोधायचे आणि परत यायचं, एवढाच हा खेळ. मी जन्मभर मोजणी खात्यात लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. निवृत्तीनंतर माणसं देवदेव करतात, मी झेंडे शोधतो. बायकोच्या मते दोन्हीत काही सापडेल याची खात्री नाही.

वर्षातून एकदा, संक्रांतीनंतरच्या रविवारी, आमचा मोठा मेळावा असतो. मोर्शीकडे क्लबातल्या एकाचा संत्र्याचा बगीचा आहे आणि त्याला लागूनच टेकड्यांचं रान. अमरावती-अकोल्याचे तीसेक जण येतात. धावणारे धावतात, आमच्यासारखे गुडघेवाले चालतात. आणि खरं सांगायचं तर निम्मे जण जेवणासाठी येतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, कढी, वरून तिळाचे लाडू, रेवड्या आणि झाडावरची संत्री. रोडगे माझ्याकडे असतात. जाडसर कणकेचे ते गोळे राखेतून नेमक्या वेळी काढावे लागतात. राख झटकायची, फोडायचे आणि वाफ निघत असतानाच तूप सोडायचं. गार झालेला रोडगा कुत्र्याला मारायच्या कामाचा.

पण आमच्याकडे एक नियम आहे. सगळं जग आधी पोटोबा म्हणतं, आम्ही नाही म्हणत. शेवटचा माणूस रानातून परत येईपर्यंत कोणी घास तोंडात घालायचा नाही. त्यासाठी आमच्या सरांनी, म्हणजे ज्यांनी हा क्लब काढला त्या कॉलेजातल्या निवृत्त क्रीडाशिक्षकांनी, एक साधी युक्ती काढली होती. प्रत्येकाने घरून आपलं ताट आणायचं आणि निघताना ते सतरंजीवर पालथं ठेवायचं. परत आला की ज्याचं त्याने आपल्या हाताने सुलटं करायचं. जितकी ताटं पालथी तितकी माणसं रानात. यात कागद नाही, यादी नाही, आणि इतक्या वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

अकोल्याचा माझा एक मित्र आहे. पुस्तकबांधणीचा त्याचा पिढीजात धंदा. क्लबाचे नकाशे कापून, प्लास्टिक चढवून तोच देतो, आणि संक्रांतीच्या मेळाव्याला त्याच्या घरून गाजर हलव्याचा डबा ठरलेला. दिवाळीच्या सुमारास त्याच्या हृदयात स्टेंट बसवला. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली तशी त्याने हट्ट धरला, "छोटा रस्ता करतो, पण एकट्यानं. कोणी सोबत आलं तर मी येतच नाई."

आदल्या संध्याकाळी त्याच्या बायकोचा, म्हणजे भाभींचा, फोन आला. "भाऊ, त्याहिले एकटं नोका सोडू. ते आयकत नाईत माह्यं. तुमचा तो क्लब, लोकायले उपाशी बसवते म्हनतात. बसवा, पन त्याहिच्यावर ध्यान ठेवा."

"भाभी, त्याचं ताट माह्या डोयापुढं राहीन," मी म्हणालो. "अकरापर्यंत पालथं दिसलं की मी निंगलोच पाहायले. तुमी बिनघोर राहा."

त्या दिवशी थंडी चांगली होती. तो नऊला निघाला. गळ्यात शिट्टी, खिशात रेवड्या. जाताना ताट ठेवलं. स्टीलचं, कडेवर भाभींचं नाव कोरलेलं. मी रोडग्यांपाशी बसलो.

माझा स्वभाव तापट आहे, आणि राखेत रोडगे असले की जास्तच. पावणेअकराला ते झाले. सतरंजीवर चार ताटं पालथी होती. मी दोनदा उठून रस्त्याकडे पाहिलं, माझंच कपाळ माझ्याच हाताने बडवलं. तेवढ्यात बगीच्याच्या फाटकातून हसण्याचे आवाज आले. तिघं दिसली. झाडांच्या आड मागे आणखी एक कोणी आहे असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, मला तसं वाटून घ्यायचं होतं. रोडगे गार होत होते. ते येऊन हात धुतील, मग ताटं सुलटी करतील, मग सर मान डोलावतील! मी उठलो आणि चारही ताटं माझ्या हाताने सुलटी केली, प्रत्येकात रोडगा फोडला आणि तूप सोडलं.

सरांनी सतरंजीवर नजर टाकली. एकही ताट पालथं नव्हतं. "बसा," ते म्हणाले.

पंगत बसली. कोणीतरी गाणी लावली. माझ्या रोडग्यांचं कौतुक होत होतं आणि मी ते ऐकत होतो. खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यातून तो पार गेला होता. मी दुसरा रोडगा संपवला तेव्हा भाजी वाढणारी म्हणाली, "अन् हे ताट कोनाचं हो? कोनी बसलंच नाई."

कडेवरचं नाव मला बसल्या जागेवरून वाचता आलं. हात तसेच खरकटे घेऊन मी धावलो. छोट्या रस्त्याचे सगळे झेंडे मीच लावले होते, त्यामुळे नकाशा लागला नाही.

तो शेवटच्या झेंड्यापाशी सापडला. कोरड्या नाल्याच्या काठी, पळसाला टेकून, पाय लांब करून बसला होता. मला पाहून हसला. घोटा सुजून संत्र्याएवढा झाला होता.

"छातीत काही...?" मी विचारलं.

"छाती मस्त हाये. पाय मुरगयला. तीनदा शिट्टी वाजवली. मंग म्हटलं, कायले दम खर्ची घालतं? आपलं ताट पालथं हाये न तिथं, येईनच हा." त्याने माझ्यापुढे रेवडी धरली. "घे. तुले तं भूक लागली असन."

मी रेवडी घेतली नाही. माझ्या बोटांना तूप होतं. ते त्याच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि आम्ही चालू लागलो. वाटेत सांगावं असं मला चारदा वाटलं. चारही वेळा मी म्हणालो, "हळू, खाली दगड हाये."

बगीच्यात सगळे उभे होते. गाणी बंद होती. त्याने आपलं ताट पाहिलं. सुलटं, आत फोडलेला रोडगा, वर थिजून पांढरं झालेलं तूप. मग इतरांची ताटं पाहिली.

"मीच केलं," मी म्हणालो. "माह्या हातानं. रोडगे गार होऊन राहिले होते."

"भल्या मानसा," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावरचा हात काढून सतरंजीवर बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सरांनी त्याच्या घोट्याला पट्टी बांधली. मी राखेत राहिलेले दोन रोडगे उकरून काढले, फोडले, वाढले. तो जेवू लागला.

अर्ध्या जेवणात त्याचा फोन वाजला. भाभींचा होता. "हो, झालं पुरं," तो म्हणाला. "जरासा पाय मुरगयला, बाकी काई नाई. एकटा कसा? हा होता न सोबत." आणि माझ्याकडे न पाहता त्याने फोन माझ्या हातात दिला.

"भाऊ, तुमी होते म्हनून मी इथं निवांत हलवा हालवत बसली होती," भाभी म्हणाल्या. "उद्याच्याले आनखी डबा पाठवतो तुमच्यासाठी. ते जेवले का?"

"जेवून राहिला."

"अन् तुमी?"

मित्राने घास हातातच ठेवला आणि मान हलवली, सांगू नको म्हणून.

"मी जेवलो, भाभी," मी म्हणालो. "त्याच्या आधी."

पलीकडे भांड्यातला चमचा फिरायचा थांबला.