वहिनींची धग

लाँड्रीत सगळे त्यांना वहिनी म्हणत. हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. चाळिशी गाठायच्या आधीच गर्भपिशवीत गाठी झाल्या. ऑपरेशनमध्ये पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली. "कटकट मिटली," सर्जन म्हणाले. वहिनींनाही हायसं वाटलं.

थोड्याच दिवसांत वेगळीच कटकट मागे लागली. उभ्या उभ्या छातीतून आगीचा लोळ उठे, डोक्यात जाई आणि अंग घामानं निथळे. इस्त्रीची धग असेल म्हणून त्यांनी घड्या घालायचं टेबल मागून घेतलं. तिथंही तेच! झोप उडाली. नवऱ्यानं चहाला नावं ठेवायचा अवकाश, की त्या अंगावर धावून जात आणि मग न्हाणीघरात रडत बसत. त्यानं जवळ घेतलं तर दुखायचं; पण सांगणार कसं?

"तुझ्यापेक्षा तुझी इस्त्री थंड," तो एकदा चेष्टेनं म्हणाला. वहिनींना हसू आलं नाही.

मग ओल्या फरशीवर पाय घसरला. नुसता हात टेकला, तर मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी कधी गेली?"

"गेली कुठं? काढून नेली."

बाईंनी सगळं विचारून घेतलं. अंडाशयं गेली की हाडं जपणारं संप्रेरकही आटतं, अंगात धग त्यानंच उठते, झोप आणि मनही त्यानंच बिघडतं, हे वहिनींना तेव्हा कळलं.

"म्हणजे मला वेड लागलं नव्हतं?"

"मुळीच नाही."

तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. धग ओसरली. घरी त्यांनी नवऱ्याला सारं सांगितलं.

"आधी बोलायचंस ना!"

"आधी मलाच कुठं ठाऊक होतं?"

मनगट मात्र पूर्वीसारखं वळेना. जड इस्त्री सुटली ती सुटलीच; आता त्या चादरींचे डाग तपासतात.

पुढे धाकट्या बहिणीच्याही पिशवीत गाठी निघाल्या. वहिनी तिच्याबरोबर गेल्या.

"अंडाशयांत काही खराबी आहे का?" त्यांनी सर्जनना विचारलं.

"नाही. पण काढली तर तिथल्या कॅन्सरची भीती राहत नाही."

"आणि ठेवली तर काय वाचतं, तेही हिला सांगा."

सर्जननी दोन्ही बाजू नीट समजावल्या. घराण्यात कुणाला तो आजार नव्हता. बहिणीनं अंडाशयं ठेवायचं ठरवलं.

ऑपरेशननंतर तिनं अर्धवट डोळे उघडले. "ताई, आहेत ना?"

"आहेत गं," वहिनी म्हणाल्या. "झोप आता."