इराप्पाच्या शेजारची जागा

त्या वर्षी आमची इंजिनिअर कंपनी पंजाबच्या सीमेवर होती. तणाव निवळला होता. गव्हाच्या शेतांत आम्हीच पेरलेले माइन्स, म्हणजे भूसुरुंग, आता आम्हालाच काढायचे होते. मी हवालदार, एका पार्टीचा कमांडर. माझ्या हाताखाली नाईक इराप्पा. आम्ही दोघे एकाच गावचे, नेसरीच्या अलीकडचे. शाळेत एका बाकावर बसलो, भरतीला एका एस.टी.तून गेलो. निघताना त्याची आई गंगव्वा, आम्ही सगळे तिला आव्वा म्हणायचो आणि ती आम्हा पोरांना तम्मा, मला स्टँडवर म्हणाली होती, "तम्मा, नेतूयास तसा परत आण." मी हसून हो म्हणालो. वय एकोणीस होतं, कशालाही हो म्हणत होतो.

पहाटे 0430 ला उठायचं, 0600 ला शेतावर. माइन्सच्या प्रत्येक रांगेचा कागद असतो. कुठल्या खुणेपासून किती मीटर, कुठल्या दिशेला, सगळं त्यात लिहिलेलं. पांढऱ्या टेपच्या पट्टीत पोटावर पडायचं. प्रॉडर, म्हणजे टोकदार सळई, तिरकी धरून हळूच जमिनीत घालायची. काही लागलं नाही तर दोन बोटं पुढं सरकून पुन्हा. वीस मिनिटं एकाची पाळी, मग दुसरा. त्यापेक्षा जास्त वेळ झाला की हात खोटं बोलायला लागतो. लाल झेंड्यापलीकडं शेताचा मालक, एक म्हातारा सरदारजी, रोज किटलीभर चहा घेऊन उभा असायचा. "फौजी साब, कब?" एवढंच विचारायचा. इराप्पा त्याला रोज "कल" म्हणून सांगायचा आणि चहा प्यायचा.

त्या दिवशीच्या रांगेत दहा माइन्स होते. नऊ निघाले. दहावा कागदावर होता, जमिनीत नव्हता. पावसानं माती बसली होती, माइन सरकला होता. 1000 वाजता माझी पाळी सुरू झाली. 1017 ला मागून इराप्पाचा आवाज आला.

"ऊठ. पाठ धरलीया तुझी. मला दे."

"तीन मिनिटं हायत अजून."

"घड्याळ घाल खड्ड्यात. ऊठ म्हंतोय न्हवं?"

माझी पाठ खरंच धरली होती. मी उठलो. 1019 ला स्फोट झाला. माझ्या वीस मिनिटांतलं एक मिनिट तेव्हाही शिल्लक होतं.

ऑपरेटरच्या हातातून वायरलेस सेट मी घेतला.

"अल्फा फॉर चार्ली. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"सीरियस? ओव्हर."

"फेटल. ओव्हर."

"नंबर पाठवा. ओव्हर."

सेटवर नाव सांगत नाहीत. मी इराप्पाचा नंबर सांगितला. तो मला पाठ होता. पलीकडून रॉजर आलं.

चौकशी व्हायची होती म्हणून त्याच्याबरोबर मला गावी जाता आलं नाही. तीन महिन्यांनी रजेवर आलो तेव्हा त्याला पुरून झालं होतं. इराप्पा लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. मांडी घालून, तोंड उत्तरेला करून, अंगाला विभूती लावून, वर बेलाची पानं घालून. त्यामुळं आमच्या गावच्या रुद्रभूमीत, म्हणजे त्यांच्या स्मशानात, सगळ्या जागा चौकोनी, भोवती कडेला दगड लावलेले. इराप्पाची पेटी मात्र उघडायची नाही असा हुकूम होता. तो पेटीसकट आडवा गेला. एवढ्या रुद्रभूमीत एकटाच लांबट. गावानं शाळेसमोर त्याच्या नावाची कमान बांधली. त्या गडबडीत खऱ्या जागेवर फरशी बसवायची राहूनच गेली. मी जागा ध्यानात ठेवली होती: बेलाच्या झाडापासून पूर्वेला पंधरा पावलं.

रेफरन्स पॉइंट म्हणून झाड धरायचं नाही, हे मी पुढं सुभेदार झाल्यावर शेकडो रिक्रूटांना शिकवलं. झाड पडतं, कुणी तोडतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

रिटायर होऊन मी कोल्हापुरात स्थायिक झालो. शाहूपुरीत एका गोदामाची सुरक्षा बघतो. यंदा एका शनिवारी गावाकडून आव्वाचा फोन आला. ब्याऐंशी वय, आवाज मात्र सायरनसारखा.

"तम्मा, रुद्रभूमीत मुरूम टाकून सपाट केलंय. बेलबी काढला. आता सोमवारी ब्लॉक बसवायचं म्हंत्यात. माझ्या पोराची जागा मला घावंना. मी मेल्यावर मला त्याच्याजवळ बसवायचं हाय. हितंच कुटंतरी हाय असलं मला चालत न्हाय."

गुडघ्यांमुळं ती सहा-सात वर्षं तिकडं गेलीच नव्हती. मी रुद्रभूमी समितीच्या अण्णांना फोन केला. माणूस भला. ते म्हणाले, "पावणं, जागा दावा, तेवढा तुकडा सोडतो. पन नुसत्या अंदाजावर न्हाय सोडनार. अंदाजानं मागाय लागलं तर समदं गाव येतंय."

रविवारी सकाळी 0700 ला मी रुद्रभूमीत होतो. हातात सहा एमएमची सळई, टोक घासून आणलेली. कडेचे दगड मुरुमाखाली वीतभर असणार, त्याहून खोल जायची गरज नव्हती. आव्वाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, अण्णांनी तिच्यावर छत्री धरली. सगळीकडं लाल मुरूम. उंच कट्टा होता म्हणून एकच जागा वर दिसत होती, आमच्या शिवलिंगाप्पा गुरुजींची.

"तिथनं धर," आव्वा म्हणाली. "गुरुजीच्या उगवतीला चिमव्वा."

चिमव्वा सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर आली, इराप्पाही. फी म्हणून खण-नारळ घ्यायची आणि खण पुढच्या बाळंतिणीला देऊन टाकायची. मी पोटावर पडलो. साठीत पोटावर पडणं ही वेगळीच ड्रिल आहे. सळई तिरकी घातली, दोन बोटं सरकलो, पुन्हा घातली. दगड लागला. चारी कडा शोधल्या. चौकोनी.

"तिच्या पल्याड कल्लाप्पा बँडवाला. त्याच्या पल्याड माझं पोरगं."

कल्लाप्पा क्लॅरिनेट वाजवायचा. लग्नात जेवण कमी पडलं तर मुद्दाम मोठ्यानं वाजवायचा, म्हणजे पाहुण्यांची कुरकुर ऐकू येऊ नये. इराप्पाच्या पेटीपुढं तो न बोलावता आला आणि स्टँडपासून वाजवत चालला. त्याच पावसाळ्यात तोही गेला आणि त्याला इराप्पाच्या शेजारीच जागा मिळाली. मी पुढं सरकलो. एक चौकोन लागला. हा कल्लाप्पा. आता पुढचा लांबट लागायला हवा होता. चारी कडा टोचून बघितल्या. तोही चौकोनच.

 कागदावर एक आणि जमिनीत दुसरंच, हे मी आधी एकदा बघितलं होतं.

"आव्वा, हितं एक जास्त हाय."

तिनं बोटांवर नावं पुन्हा मोजली. मग कपाळावर हात मारला. "अगं बया, दुंडव्वा! चिमव्वाच्या पल्याड दुंडव्वा. पंचवीस वर्सं नळावर भांडलो आमी, म्हनून इसरले बघ. पन इराप्पा गेल्यावर म्हैनाभर भाकरी तिच्याच घरनं येत हुत्या." तिनं दुंडव्वाच्या दिशेनं हात जोडले.

म्हणजे आधीचा चौकोन दुंडव्वाचा, हा कल्लाप्पाचा. मी पुन्हा आडवा झालो. ऊन चढलं होतं. किती वेळ टोचत होतो ते घड्याळात बघितलं नाही.

"ऊठ की आता," मागून आव्वा म्हणाली. "पाठ धरंल तुझी."

सळई हातातच राहिली. मुरुमावर गाल टेकवून मी पडून राहिलो आणि बावीस वर्षं न बोललेलं बोललो. उठून, तिच्याकडं बघून बोलायची हिंमत नव्हती. "आव्वा, ती पाळी माझी होती. तीन मिनिटं राहिली होती. त्यानं उठवलं आणि मी उठलो."

अण्णा दुसरीकडं बघायला लागले. आव्वानं नाक पुसल्याचा आवाज आला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुमच्या पार्टीतला एक पोरगा पेटीबरुबर आल्ता, त्यानं सांगितलं तवाच. शाळंला जाताना तुझं दप्तर कोन उचलायचं? त्योच न्हवं? बापाचं ऐकला न्हाय कवा, तुझं काय ऐकनार हुता? आता रडत बसू नगंस. सळई घाल."

मी रडतच होतो. तशातच सळई घातली. दगड. दोन बोटं, दगड. एक फूट, दोन फूट, तीन फूट. चौथ्या फुटालाही दगड. सहा फूट भरल्यावर मी थांबलो. टेप लावायची गरज नव्हती.

"घावला?" आव्वानं विचारलं.

"घावला."

दक्षिणेच्या बाजूला सळई पाच ठिकाणी घातली. कुठंच काही लागलं नाही. जागा मोकळी होती. अण्णांनी चार खुंट्या ठोकून दोरी बांधली आणि तेवढा तुकडा सोडला. नंतर फरशीवर काय कोरायचं म्हणून त्यांनी मला विचारलं. नंबर, रँक, तारीख, सगळं माझ्याकडं होतं. मी एवढंच लिहायला सांगितलं: इराप्पा, गंगव्वाचा मुलगा.

चार महिन्यांनी आव्वा गेली. मी सकाळच्या एस.टी.नं पोचलो. इराप्पाच्या दक्षिणेला खड्डा तयार होता, चौकोनी. जंगमांनी मंत्र म्हटले, तिला मांडी घालून बसवलं आणि रीतीप्रमाणे तोंड उत्तरेला केलं. उत्तरेला इराप्पा आहे. तापानं झोपलेल्या पोराजवळ आई रात्रभर बसते, तशी ती आता त्याच्याकडं तोंड करून बसली आहे.